डावा हात, उजवा हात आणि दगडी पाला

"आबा, यांचे हात बघवत नाहीत." मंगलचा, माझ्या मुलीचा, फोन आला आणि मी ओल्या फडक्यात दगडी पाला गुंडाळून नंदुरबारहून सकाळची सुरतेची गाडी धरली. जावई राजू बमरोलीच्या एका मिलमध्ये कापड रंगवतो. रंगाच्या पाण्याने दोन्ही हातांना भेगा पडलेल्या. असंच चाललं तर काम सोडावं लागेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

एरवी प्रवासात शाळेतल्या कविता आपोआप ओठांवर येतात. या वेळी एकही कडवं पूर्ण होईना. लहानपणी गुडघा फुटला की आई हाच पाला चुरगळून रस पिळायची; तेवढ्या आधारावर निघालो होतो. चलथाणला साखर कारखान्याच्या मळीचा वास आला, म्हणजे सुरत आलीच. बमरोलीला जाणाऱ्यांनी उधन्याला उतरावं, शेअर रिक्षावाले वीस रुपये घेतात. स्टेशनबाहेर गरमागरम लोचो, वाफवलेल्या डाळीचा मऊ पदार्थ, मिळतो. मी घेतला आणि तसाच बांधून रिक्षात बसलो.

डॉक्टरांचं मलम चालू होतं. मीच सुचवलं, उजव्या हाताला मलम, डाव्याला पाला आणि वर पट्टी. एकदा परीक्षा होऊनच जाऊ दे. मंगलला ते पटलं नव्हतं, तरी पट्टी तिनेच बांधली.

चार-पाच दिवसांत डावा हात सुकला. उजवा तसाच लालभडक. राजूने मलम फळीवर मागे सारलं. "मामा, उद्या रात्रीपासून दोन्हीला पालाच." मी इतका हरखलो की आईची आठवण येऊन डोळे भरले.

दुसऱ्या दिवशी डबा घेऊन मिलवर गेलो. दारातून वाफेत राजू दिसला. पट्टीचा डावा हात पाठीशी धरलेला; रंगाच्या पाण्यात फक्त उजवा.

संध्याकाळी धीर करून सांगितलं, "डावा हात पाण्यात गेलाच नाही, म्हणून सुकला असेल. मलम सोडू नका. आणि मोजे घाला, दोन्ही हातांत."

राजू हसला. "मामा, तुमचा पाला जिंकला; जिंकलेली पैज कोणी सोडतं का?"

मंगलने फळीवरचं मलम त्याच्यापुढे आणून ठेवलं.

मला नंदुरबारला घरी येऊन महिना होत आला. मोज्यांत घाम येतो म्हणून राजू कुरकुरतो, पण घालतो. उजव्या हाताच्या भेगाही मिटत आल्यात, असं मंगल सांगते. पाल्यात गुण आहे की नाही, ते मला अजून ठाऊक नाही. परवा विळीवर बोट कापलं. सवयीने अंगणातल्या पाल्याकडे वळलो, वाकलोसुद्धा. मग उठून आधी नळाखाली बोट धरलं, आणि उंच दांडीवर डोलणाऱ्या पाल्याच्या फुलांकडे बघत राहिलो.