मेन व्हॉल्व नेमका कुठला

त्याला सगळे वॉशर म्हणत. अठ्ठावीस वर्षं प्लंबिंग केलेल्या माणसाला याहून भारदस्त नाव मिळायला हवं होतं, पण नळ कुठलाही असो आणि गळती कसलीही असो, तो आधी वॉशर बदलून बघे. दहापैकी नऊ वेळा गळती थांबे. दहाव्या वेळी तो भिंत फोडे. लोकांनी नाव ठेवताना पहिल्या नऊ वेळा लक्षात घेतल्या, हा त्यांचा चांगुलपणा.

अशा माणसाच्या स्वतःच्या घरात लेकीच्या खोलीची भिंत आठ महिने पाझरत होती. "अहो, एखादा प्लंबर बघू का?" असं बायको अधूनमधून विचारी. ती रागाने विचारत नसे, खरोखर चौकशी केल्यासारखी विचारी. त्यामुळे ते जास्त लागे. शेवटी एका शनिवारी त्याने हातोडी-छिन्नी घेतली. लेक कामावर गेली होती. चष्म्याच्या दुकानात काचा घासून फ्रेममध्ये बसवणं हे तिचं काम. पाच वाजता ती घरी येणार होती आणि साडेसहाला तिची चाचणी होती.

चाचणी एका वादक मंडळाची. त्यांना गिटारवाला हवा होता, गिटारवाली चालणार होती. तीन महिन्यांपूर्वी त्यांनी तिला एकदा ऐकलं होतं. मंडळाचा मुख्य म्हणाला होता, "बोटं छान आहेत, पण आवाजाचा चिखल झालाय. तो निस्तरा आणि या. मात्र एकदाच." त्यानंतर तीन महिने तिने बोटांपेक्षा जास्त वेळ अँप्लिफायरची बटणं फिरवण्यात घालवला आणि एके दिवशी जाहीर केलं, "झालं. आता याला कोणीही हात लावायचा नाही." घरात तिघंच होते. एक ती स्वतः आणि एक आई, जी त्या यंत्रावरची धूळसुद्धा लांबून फुंकायची. तेव्हा कोणीही म्हणजे कोण, हे सांगायची गरज नव्हती.

वॉशरने हात लावला नाही, फक्त सरकवला. अँप्लिफायर नेमका ओल्या भिंतीला टेकून होता. त्यातून दोन वायरी निघून जमिनीवरच्या साबणाच्या वडीएवढ्या एका डबीत गेल्या होत्या. वायरी काढण्याआधी त्याने प्रत्येकीला खुणेचा दोरा बांधला, एकीला लाल, एकीला पांढरा. इतकी काळजी घेतल्यावर मग त्याने कुठल्याही कामाआधी जे करायचं ते केलं. जेवढं फिरतं दिसलं तेवढं बंद केलं. अँपची सगळी बटणं शून्यावर, डबीची शून्यावर आणि गिटारवर एक होतं तेही.

दुपारी एकला भिंत लिंपून झाली. सामान जागेवर नेताना त्याचं लक्ष बटणांवर गेलं. सगळ्यांवरच्या पांढऱ्या रेघा एका दिशेला, कवायतीला उभ्या असल्यासारख्या. तो खाली बसला.

"काय झालं?" बायकोने दारातून विचारलं.

"हिने आवाज कितीवर ठेवला होता?"

"मला काय माहीत. आवाज मोठा झाला की मी भिंतीवर थापटते, एवढंच."

एका यंत्राला आवाजाचं एक बटण असावं, एवढी त्याची माफक अपेक्षा होती. इथे चार निघाली. गिटारवर एक, अँपवर 'गेन' नावाचं एक आणि 'मास्टर' नावाचं एक, डबीवर चौथं. पाण्याच्या लायनीत हिशेब सरळ असतो. मेन पूर्ण उघडायचा आणि नळावर कमीजास्त करायचं. मास्टर म्हणजे मेन, यात शंका घ्यायला जागा नव्हती. त्याने मास्टर पूर्ण उघडला, बाकीची थोडी थोडी, वायरी जोडल्या आणि अंगठ्याने तार छेडली. काहीच ऐकू आलं नाही. डबीच्या वायरी काढून पुन्हा छेडली, तर असा आवाज आला की शेजारच्या खोलीत बायकोच्या हातातलं काहीतरी पडलं.

"जिवंत आहात ना?" तिने विचारलं.

"डबीत तुंबलंय," तो म्हणाला.

डबीला वॉशर नव्हता. म्हणून त्याने मेहुण्याला बोलावलं. हा मेहुणा लाउडस्पीकर भाड्याने देई आणि त्याला सगळे भोंगा म्हणत. कुठल्याही प्रश्नाचं त्याचं उत्तर आवाज वाढवणं हेच असे, आणि धंद्यात ते त्याला कधी नडलं नव्हतं.

"दाजी, तुम्ही उगाच डोक्याला त्रास करून घेताय," भोंगा अँपच्या मागे डोकावत म्हणाला. "गिटारची वायर डबीत, डबीची वायर पुढून अँपमध्ये. खेळ खलास. ही मागची सेंड आणि रिटर्न लिहिलेली भोकं कंपनी शोभेसाठी देते."

"शोभेसाठी भोकं कोण पाडतं?"

"तुम्ही एवढ्या भिंती फोडल्यात, मला काय विचारता?"

त्यांनी डबी पुढे घेतली. भोंग्याने मास्टर जरा खाली घेतला, आणि मन मानेना म्हणून गेन पूर्ण वर. वॉशरने एक तार छेडली. सरकारी खिडकीसमोर दहा माणसं एकदम तक्रार करायला लागल्यासारखं काहीतरी बाहेर पडलं आणि बराच वेळ पडत राहिलं.

"बघा, दणदणीत," भोंगा म्हणाला.

"चिखल म्हणतात तो हाच," वॉशर म्हणाला.

भोंग्याला चहा देऊन वाटेला लावल्यावर त्याने ताज्या गिलाव्यावर खिळ्याने आवाजाच्या लाईनचा नकाशा काढला. डबीचं काम त्याला कळलं होतं, ती एका आवाजाचे प्रतिध्वनीसारखे तीन-चार करते. गेनचं काम आवाजाला मुद्दाम खरखर आणणं. ज्याचा जन्म पाइपांतली खरखर घालवण्यात गेला, त्याला हे पैसे देऊन करून घेणं समजेना, पण ते त्याने बाजूला ठेवलं. डबी आधी असेल तर आवाजाचे चार होणार आणि चौघांची खरखर एकमेकांत कालवली जाणार. डबी नंतर असेल तर खरखर एकदाच, आणि पुढे तिच्या स्वच्छ नकला. म्हणजे गेनच्या पुढे लाईन कापून, पाणी बाहेर काढून, डबीतून फिरवून परत आत घ्यायचं. सेंड जाणारं, रिटर्न येणारं. मास्टर त्याच्याही पुढे, अगदी तोंडाशी. म्हणजे मास्टर हा मेन नव्हेच, तो शेवटचा नळ. शेवटच्या नळाला मास्टर म्हणणाऱ्या माणसाने आयुष्यात कधी पाणी भरलं नसणार, याबद्दल त्याची खात्री झाली.

तरीही मागच्या भोकांतून आवाज येईना. दोरे त्याने अँपकडच्या टोकांना बांधले होते, डबीकडचं कुठलं टोक कुठे होतं ते कुणाला ठाऊक. त्याने जाणारी वायर डबीच्या डाव्या भोकात घातली होती, कारण जगात सगळं डावीकडून सुरू होतं. चार वाजता चष्मा लावून पाहिलं, तर डबीवर चिमुकला बाण होता आणि तो उजवीकडून डावीकडे जात होता. का, हे विचारण्याची इच्छा त्याच्यात उरली नव्हती. वायरी उलटवल्यावर आवाज आला. तो कुणाचा होता, सांगता येत नव्हतं. अंगठ्याने मोकळ्या तारा छेडल्यावर बटणं कशीही फिरवली तरी त्याला सारखंच बेसूर वाटत होतं.

पाचला लेक आली. तिने आधी भिंत पाहिली, मग बटणं.

"बाबा."

"बंद केली होती. पाणी बंद करतो तशी. वायरी आता बरोबर आहेत, बटणांचं तू सांग. कितीवर होती?"

ती पलंगाच्या कडेवर बसली. "मला माहीत नाही."

"म्हणजे?"

"कानाने लावली होती. आकडे बघितलेच नाहीत. आणि एकदा जमल्यावर परत बघायची भीती वाटायला लागली."

म्हणजे आता न कळणारे दोघं झाले. तिने गेन निम्म्यावर नेला, वाजवलं, खाली आणला. डबीचं बटण वाढवलं, कमी केलं. "असंच होतं ना?" ती विचारी. तो म्हणे, "असेल." तिसऱ्यांदा असेल म्हटल्यावर ती म्हणाली, "तीन महिने रोज ऐकताय ना तुम्ही?"

"मी कुठे तुझ्या खोलीत बसून ऐकलं? पलीकडून ऐकलं."

मग तो उठून स्वयंपाकघरात गेला, दार लावलं आणि ओट्याशी नेहमीच्या जागी उभा राहिला. पलीकडे ती वाजवू लागली.

"खरखर जास्त आहे," तो ओरडला. "हं. आता तो घुमतो ना, तो मागून येणारा, तो इतका पुढे नव्हता."

"आता?"

"अजून थोडा मागे."

"आता?"

त्याने बायकोकडे पाहिलं. तिचा हात सवयीने भिंतीवर थापटायला वर गेला होता. तो तसाच राहिला आणि खाली आला.

"हेच," बायको म्हणाली.

"हेच," तो ओरडला. आधीच्यात आणि ह्याच्यात काय फरक होता, हे त्याला अजिबात कळलं नव्हतं.

चाचणीच्या खोलीत घरच्यांना प्रवेश नव्हता. अँप आत ठेवून तो बाहेरच्या बाकावर बसला. दाराआडून तिचं वाजवणं सुरू झालं. दोन-तीन ओळी झाल्या असतील, तोच मुख्याचा आवाज आला, "आवाज छोटा वाटतोय. वाढवा."

वॉशर उठून उभा राहिला. चारांपैकी कुठलं, हे त्याला आता माहीत होतं, दुपारभर चारही चुकवून ते तो शिकला होता. पण बटणापाशी तो नव्हता. शेवटचा नळ सोडून तिने गेन वाढवला तर आत चिखल. दार ठोठावून सांगावं की सांगितल्याने ती जास्त गडबडेल, हे ठरेपर्यंत ती पुन्हा वाजवायला लागली. आवाज मोठा झाला होता. मोठाच झाला होता, आणखी काही झालं नव्हतं. तो खाली बसला.

वीस मिनिटांनी ती बाहेर आली. "मंगळवारपासून या म्हणाले."

"आणि आवाजाला काय म्हणाले?"

"काहीच नाही."

"काहीच नाही म्हणजे चांगलं की वाईट?"

"मला काय माहीत," ती म्हणाली आणि अँपची एक बाजू उचलली. दुसरी त्याने उचलली. जिना उतरताना त्याने तिला आणखी दोनदा विचारलं की काहीच नाही हे ते कुठल्या सुरात म्हणाले, आणि दोन्ही वेळा तिने सांगितलं की ते काही म्हणालेच नाहीत.