आग्रह नसलेला रविवार

“नको म्हणतात म्हणून काय वाढायचंच नाही का गं?”

मावशीने हे आईला हळू आवाजात विचारलं. पण आमच्या स्वयंपाकघरात हळू बोललेलंही बाहेरच्या खोलीत नीट ऐकू येतं. मी दोन्हींच्या मधल्या दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते. आत मावशी पदर खोचून श्रीखंडाचा डबा उघडत होती. ती कल्याणहून न कळवता आली होती. बाहेर माझा दादा आणि त्याचे तीन पाहुणे जेवत होते, आणि चौघांपैकी कुणीच बोलत नव्हतं. ती शांतता चांगली होती. मावशीला ते कळणं शक्य नव्हतं.

“इथे तसं नसतं गं,” आई म्हणाली. “हिने नियम केलेत. फ्रीजवर लावलेत बघ.”

मावशी वाकून वाचू लागली. ट्यूबलाइट लावू नये. पंखा दोनवर. मागून येऊन खांद्याला हात लावू नये. सगळ्यात खाली होतं, आग्रह करू नये. ‘येथे थुंकू नये’ वाचावं तसं तिने ते वाचलं.

“जेवायला बोलवायचं आणि आग्रह करायचा नाही,” ती म्हणाली. “मग खानावळ काय वाईट?”

या प्रश्नावर आई मनातून मावशीच्या बाजूची होती.

दादा माझ्यापेक्षा पाच वर्षांनी मोठा. मानपाड्याजवळच्या एका कारखान्यात प्लॅस्टिक फिल्मची जाडी तपासतो. कुठलीही पिशवी दोन बोटांत चोळून ती किती मायक्रॉनची ते सांगतो. भाजीवाल्यालाही सांगतो, म्हणून भाजी मी आणते. तो सव्वीस वर्षांचा असताना ठाण्याच्या एका डॉक्टरांनी त्याच्या असण्याला नाव दिलं, अ‍ॅस्पर्जर सिंड्रोम. आता त्याला वेगळं म्हणतात असंही ते म्हणाले, पण आमच्या घरात ते पहिलंच नाव राहिलं. आईने विचारलं, औषध किती दिवस. डॉक्टर म्हणाले, औषध नाही. त्याला माणसं लागतील, त्याच्यासारखी दोन-चार.

परत येताना आमची बस शीळफाट्याला अडकली. आई बाहेर रस्त्याच्या कामाला लावलेल्या पत्र्यांकडे बघत म्हणाली, “माणसं कुठून आणायची गं आता?”

“डॉक्टरांकडे बाहेर बाकावर तिघं होती,” दादा म्हणाला. “तिघंही पंख्याखालची जागा सोडून बसली होती. मी पण.”

म्हणजे माणसं त्यानेच शोधली. बोलवायचं काम माझ्याकडे आलं. मला अनोळखी माणसाला वेळ विचारायचीसुद्धा भीती वाटते. पुढच्या तीन फेऱ्यांत मी नुसती त्या बाकासमोर बसले, आणि चौथ्या वेळी चिठ्ठ्या लिहून तिथल्या रिसेप्शनच्या बाईंकडे दिल्या. तिघांनीही उत्तर दिलं. ठाण्याच्या कोर्टात टायपिंग करणारे चाळिशीचे गृहस्थ, कल्याणची माझ्याच वयाची मुलगी, जी घरी बसून शाळेच्या पुस्तकांची मुद्रितं तपासते, आणि गणिताच्या एक निवृत्त शिक्षिका. त्यांना आम्ही सगळे बाईच म्हणतो.

मी इंग्रजी माध्यमात शिकले. काही अडलं की इंग्रजीतच शोधायची सवय. अशा लोकांना आवडतील अशा भेटी कशा आखाव्यात, यावर मला भरपूर याद्या सापडल्या. त्या वाचून मी पहिली भेट ठाण्याच्या एका मॉलमध्ये ठेवली, कारण यादीत होतं की जागा कुणाच्याच घरची नसावी. त्या दिवशी शेजारच्या टेबलावर कुणाचा तरी वाढदिवस होता आणि वेटर टाळ्या वाजवत गात आले. गृहस्थ उठून पार्किंगमध्ये जाऊन उभे राहिले. कल्याणची मुलगी विसाव्या मिनिटाला म्हणाली, “मी जाते. ही भेट चांगली नव्हती.”

मी बसस्टॉपवर रडायची राहिले होते. दादा खुशीत होता. “तिने खरं सांगितलं,” तो म्हणाला. “तिला परत बोलव.”

मग घरीच. महिन्यातला दुसरा रविवार, अकरा ते दीड. दीड म्हणजे दीड. उठायला निमित्त शोधावं लागत नाही, हे सगळ्यांना फार आवडतं. गुरुवारी मी चौघांना मेसेज करते: कोण कोण असेल, जेवायला काय, सोसायटीचा पंप किती वाजता सुरू होईल. दादालाही करते, तो शेजारच्या खोलीत असला तरी. पहिला अर्धा तास बोलायचं नाही. दोन टेबलं जोडून हजार तुकड्यांचं चित्र पसरलेलं असतं, ज्याला जमेल तसं त्याने लावावं. मग प्रत्येकाला दहा मिनिटं, आपल्या आवडत्या गोष्टीबद्दल. बाई रांगोळीच्या ठिपक्यांवर बोलतात. गृहस्थ टाइपरायटरच्या कळांवर. आतली खोली रिकामी ठेवायची, कुणाला जड झालं तर तिथे जाऊन दार लावावं. कारण विचारायचं नाही. बाबा हे अडीच तास खाली सोसायटीच्या बाकावर बसतात. “मला कुणी काढलेलं नाही,” असं ते वॉचमनला सांगतात.

हे सगळं मी याद्यांमधून घेतलं होतं. एक गोष्ट कुठल्याच यादीत नव्हती.

घरच्या पहिल्याच जेवणाला आईने पुऱ्या केल्या. ती दर दोन मिनिटांनी ताटली घेऊन यायची आणि म्हणायची, घ्या हो, एकच. पाहुणा पुरे म्हणाला तरी दोनदा वाढावं, असं तिला तिच्या आईने शिकवलेलं. गृहस्थांना त्यांच्या आईने शिकवलेलं, दुसऱ्याच्या घरी ताटात पडलेलं नाकारू नये. दोघंही शिकवल्याप्रमाणे वागत राहिले. गृहस्थांच्या कपाळावर घाम आला तरी ते खात होते, आणि आईला वाटत होतं, किती आवडीने जेवतायत. नंतर ते वीस मिनिटं बाथरूममधून बाहेर आले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांचा मेसेज आला, ‘पुऱ्या उत्तम होत्या. थांबवायला कुणी नव्हतं.’

तेव्हा फ्रीजवरच्या कागदात ती शेवटची ओळ आली. आईला ती फार लागली. “मग मी काय करू?” ती म्हणाली. “पाहुणे जेवताना भिंतीकडे बघू?” पहिले काही रविवार ती खरंच स्वयंपाकघरात पाठ करून उभी राहायची. बाहेर वाट्या रिकाम्या व्हायच्या आणि तिचे हात ओट्यावर नुसतेच फिरायचे.

तसं वर्षभर चाललं. मग मावशीच्या मुलीचं लग्न आलं.

कार्यालयात जेवायची पंगत होती. दादाने यायचं कबूल केलं होतं, चाळीस मिनिटं, कोपऱ्यातली खुर्ची, मी शेजारी. पस्तिसाव्या मिनिटाला मावशी स्वतः जिलेबी घेऊन आली. दादाने ताटावर हात आडवा धरला. तसे सगळेच धरतात. वाढणाऱ्यानेही तो हात बाजूला करायचा असतो, त्याशिवाय गंमत नाही. मावशीने दोन बोटांच्या फटीतून जिलेबी टाकली. पाक त्याच्या हातावर सांडला. तो उभा राहिला, ताट खाली पडलं आणि आसपासच्या दोन ओळी वळून बघू लागल्या. कुणीतरी म्हणालं, एवढा शिकलेला मुलगा. तो चालत निघाला आणि मी चपला हातात घेऊन त्याच्यामागे.

त्यानंतर चार महिने तो कारखान्यात जायचा आणि परत येऊन आतल्या खोलीत बसायचा. ताट आई दाराबाहेर ठेवायची. दुसरे रविवार आले आणि गेले. मी तिघांना ‘या महिन्यात नाही’ असं कळवत राहिले. कल्याणची मुलगी दर वेळी विचारायची, ‘पुढच्या महिन्यात आहे का?’ त्यात ओढ होती की नुसती चौकशी, हे मला कळायचं नाही. पण ती दर वेळी विचारायची.

खरं सांगायचं तर त्या चार महिन्यांत मला बरं वाटलं होतं. सहा दिवस ठाण्याचं ऑफिस आणि दुसरा रविवार आला की कुणाच्या कपाळावर घाम आलाय का हे बघत दारात उभं राहणं, याचा थकवा किती होता ते थांबल्यावर कळलं. मी रविवारी दुपारी झोपत होते. आतल्या खोलीचं दार बंद असायचं आणि मी झोपत होते. हे मी कुणाला सांगितलं नाही.

मग सोमवारी दादाच मला म्हणाला, “या रविवारी ठेव. एकदा बघतो. परत तसं झालं तर नंतर नको.”

दुसरा कुणी असं म्हणाला असता तर मी ते मनावर घेतलं नसतं. दादा धमकी देत नाही. तो फक्त पुढे काय होईल ते सांगतो. ‘नंतर नको’ म्हणजे हे दार, हे ताट, वर्षानुवर्षं.

गुरुवारी मी मेसेज केला: पोळी, बटाट्याची सुकी भाजी, वरण, भात, सगळं वेगळ्या वाट्यांत. गोड नाही. माणसं तीच. आईने फोनवर हे बहिणीला सांगितलं असणार, आनंदाने, पोरगा बाहेर बसणार म्हणून. मावशीला तेवढं पुरे होतं.

“मी काय वाईट करतेय का गं?” मावशी आता माझ्यासमोर येऊन उभी राहिली होती. एका हातात डबा, दुसऱ्यात चमचा. तिचा आवाज ओला होता. “माझ्या दारातून उपाशी गेला तो. लेकीच्या लग्नात. चार महिने घास उतरत नाही मला. चमचाभर घालते त्याच्या ताटात, बास.”

तिला माफी मागायची होती, आणि वाढण्याखेरीज माफी मागायची दुसरी रीत तिला माहीत नव्हती. मला हे समजत होतं. म्हणून मी म्हणाले, “बघू नंतर.”

बघू नंतर. माझी सगळी वाक्यं अशीच असतात. मावशीकडे लहानपणापासून मी कितीतरी न आवडलेले लाडू खाल्लेत, कारण नको म्हणून झाल्यावर पुढे काय करायचं ते मला येत नाही. मावशी माझ्या बाजूने वाट काढून बाहेर गेली.

दादाने आधी तिच्याकडे बघितलं, मग घड्याळाकडे. एक वाजून दहा मिनिटं. तो टेबलाची कड धरून बसला, पण बसला.

मावशीने गृहस्थांपासून सुरुवात केली. त्यांनी घाबरून माझ्याकडे बघितलं आणि एक चमचा घेतला. दुसऱ्याला ते “पुरे” म्हणाले, तरी तो पडलाच. बाई म्हणाल्या, “मला नको,” वर्गात फळ्याकडून वळून म्हणावं तशा, आणि मावशी चक्क पुढे सरकली. कल्याणच्या मुलीने आपलं ताट उचलून मांडीवर घेतलं आणि खुर्ची भिंतीकडे वळवली.

मग मावशी दादाजवळ आली. त्याने ताटावर हात आडवा धरला.

“नको.”

“असं कसं? मावशीच्या हातचं नको?”

“नको,” दादा म्हणाला.

“रागावलास ना माझ्यावर? कळतं रे मला. एवढंसं घे, म्हणजे मला बरं वाटेल.”

तिने डबा टेबलावर ठेवला आणि त्याचं मनगट धरलं. अगदी मायेने धरलं, लहान मुलाचं धरावं तसं, आणि हात ताटावरून उचलायला लागली. दादाची बोटं पांढरी झाली. त्याने मान वळवून आतल्या खोलीच्या दाराकडे बघितलं. दार उघडं होतं, मीच सकाळी उघडं ठेवलेलं. खुर्चीपासून तिथपर्यंत पाच पावलं होती.

मी आईकडे बघितलं. ती ओट्याजवळून माझ्याकडेच बघत होती, नेहमीसारखी, मी काही करेन म्हणून. मी पुढे होऊन तांब्या टेबलावर ठेवला. तो जरा जोरात ठेवला गेला आणि पाणी सांडलं, ताटांच्या मधोमध ठेवलेल्या हजार तुकड्यांच्या चित्रातल्या अर्ध्या लावलेल्या आकाशावर. या खोलीत सगळ्यांना ऐकू जाईल असं मी शेवटचं कधी बोलले होते, ते मला आठवत नाही.

“मावशी, तो दोनदा नको म्हणालाय. हात सोड त्याचा.”