डाव्या कुशीची उशी

या लेखात मला एकाच प्रश्नाचे उत्तर शोधायचे आहे. जी गोष्ट आमच्या घरातल्या तिघांनी ठरवून कुणाला सांगितली नव्हती, ती म्हसळ्यात राहणाऱ्या माझ्या एका जुन्या विद्यार्थिनीला, आमचे पार्सल घरी पोहोचण्याच्याही आधी, कशी कळली? प्रश्न मी मुद्दाम विज्ञानाच्या तासाला मांडावा तसा मांडते आहे. तसा मांडला नाही, तर त्याची नुसती भीती वाटत राहते आणि हाती काही लागत नाही.

प्रथम घर सांगते. रेवसच्या बंदरापासून आत, आमची आळी आहे. मी तिथल्याच शाळेत गणित आणि विज्ञान शिकवून निवृत्त झाले. मुलगा लाँचने मुंबईला कामाला जातो, सून अलिबागला एका कार्यालयात नोकरी करते. सुनेला दोनदा दिवस गेले आणि दोन्ही वेळा गर्भ पडला. दुसऱ्या वेळी चौथा महिना होता आणि तोवर आम्ही आनंदाने सगळ्या आळीला सांगून बसलो होतो. त्यानंतर कितीतरी महिने नळावर, देवळात, रिक्षात तिला तेच विचारले जाई. काय झालं गं? काही जड उचललंस का? डॉक्टर काय म्हणाले? पुढे विचारणे थांबले, आणि ते अधिक वाईट होते. आळीतल्या डोहाळजेवणांना तिला बोलावणे येईनासे झाले. हळदीकुंकवाला तिच्या कपाळाला कुंकू लागे आणि हात पटकन पुढच्या बाईकडे वळे.

म्हणून या वेळी तिने मला स्वयंपाकघरात हाक मारली आणि सांगितले, "आई, सातवा लागेपर्यंत बाहेर एक शब्द नको. झालं तर झालं. नाही झालं, तर मला पुन्हा दारोदार उत्तरं द्यायची नाहीत. या वेळी मी ती देऊ शकणार नाही."

मी तिला शब्द दिला. या लेखात जे पणाला लागले होते ते एवढेच, तिचे न बोलण्याचे संरक्षण.

चौथा महिना लागला तेव्हा डॉक्टर म्हणाल्या, शक्यतो डाव्या कुशीवर झोपा, पाठीला आणि पोटाला आधार देणारी लांब उशी मिळते ती घ्या. आमच्याकडे मूल जन्माला येईपर्यंत त्याच्यासाठी काही विकत आणत नाहीत. दुपटे नाही, टोपडे नाही, खुळखुळाही नाही. मी विचार केला की उशी बाळाची नव्हे, आईची आहे, तेव्हा नियम मोडत नाही. राहिला प्रश्न ती आणायची कुठून. अलिबागच्या बाजारात अशी उशी ठेवणाऱ्या दुकानाचा मालक माझा विद्यार्थी. शेजारचा औषधवालाही विद्यार्थीच. "बाई, कुणासाठी?" हा प्रश्न तिथे टळणार नव्हता. फोन मात्र मी शिकवलेला नव्हता. तो काही विचारणार नाही, असे मला वाटले. सावधगिरी म्हणूनच मी ती उशी फोनवरून मागवली.

इथे आमच्या आळीची एक रीत सांगणे आवश्यक आहे. पार्सलवाला आळीत येत नाही, बंदरावरच्या किराणा दुकानात पार्सल ठेवून जातो. दुकानदार ओळखीच्या एकाच नावाने घ्यायला तयार असतो आणि ते नाव माझे. त्यामुळे आळीतले सगळे माझ्या फोनवरून मागवतात. "बाई, तेवढा रेनकोट बघा." "बाई, आईच्या गुडघ्याचा पट्टा." "बाई, लाल न्हाय, निळा दाबा." खरेदी माझ्या नावावर, वस्तू दुसऱ्याच्या घरात. हे सगळ्यांना माहीत आहे. दूरच्या सासरी गेलेल्या मुलींनाही माहीत आहे.

उशीची मागणी नोंदवली त्याच्या दुसऱ्या दिवशी म्हसळ्याहून फोन आला. ही मुलगी माझ्या हाताखाली शिकलेली, आमच्या शेजारणीची नणंद.

"बाई, म्हातारपणी काय हो हे?" ती खिदळत होती. "गरोदर बाईची उशी मागवलीत?"

माझ्या हातातली वाटी तशीच राहिली. "तुला कुणी सांगितलं?"

"तुमीच की. तुमच्या नावानं आलं माझ्या फोनवर. तुमचा तो निरोपसमारंभातला हारवाला फोटो, खाली उशी. 'तुमच्या ओळखीच्या व्यक्तीने हे घेतले, तुम्हीही पाहा.' एरवी रेनकोट, पट्टे दिसतात, हे बघून म्हटलं, बाईंचं काय नवीन!"

ती हसत होती म्हणून मीही हसले, दूध उतू जाते आहे असे सांगितले आणि फोन ठेवला. दूध नव्हतेच. गॅसपाशी उभी राहून मी पहिल्यांदा स्वतःच्या फोनला घाबरले. तो ओट्यावर पालथा पडलेला होता आणि त्याला उलटा करून पाहण्याचे धैर्य मला होत नव्हते.

पार्सल बंदरावर आले तेव्हा मी ते चारही बाजूंनी तपासले. बाहेर वस्तूचे नाव नव्हते, चित्र नव्हते. कागदाने गुपित पाळले होते. सुनेला मी काही सांगितले नाही. ते एकीच्याच फोनवर आले आहे, ती गंमत समजून विसरून जाईल, अशी आशा होती. पण नळावरून परतताना दोन बायका मला पाहून बोलता बोलता थांबल्या. त्या माझ्या सुनेबद्दल बोलत असतील, या भीतीने मी घरी आले.

त्या तिच्याबद्दल बोलत नव्हत्या. हे मला शेजारीण आली तेव्हा समजले.

शेजारीण मिठागरावर राबलेल्या घरातली, आता नवऱ्याचे ट्रेलर चालतात. आवाज मोठा, मन मोकळे. तिची मुलगी पनवेलच्या कॉलेजात शिकते आणि त्या सुमारास कावीळ होऊन घरी आली होती. दिवसभर सैल गाऊनमध्ये पडून असायची, उलट्या व्हायच्या, पेज तेवढी पोटात राहायची. शेजारीण सकाळीच अंगणात आली, पण नेहमीसारखी पायरीवर बसली नाही.

"बाई, एक इचारू? खरं सांगाल?"

"विचार."

"ती उशी कोनासाठी मागवली?"

मी पायरीवर तिच्यासाठी जागा केली.

"माझे नणंदेनं भावाला फोन केला. म्हनते, बाई आळीचं सामान मागवतात, मग ही उशी कोनाची? तुझी पोर ओकते म्हनतात, खरंच कावीळच हाय ना? सगल्या नळावर हेच चाललंय. यांनी कालपासून पोरीशी बोलनं टाकलंय. कॉलेज बंद, म्हनतात. पुस्तकं माळ्यावर टाकली. पोर रडून रडून पिवळीची पांढरी झाली." तिचा आवाज फाटला. "मना ठावं हाय माझी पोर कशी हाय ते. पन मना तुमच्या तोंडून पायजे. आमच्यासाठी न्हाय मागवली, एवढं यांना सांगाल का?"

आता विचार करण्याची पद्धत पाहा. आळीला ठाऊक होते की उशी कुणाची तरी आहे. आळीत मूल होण्याच्या वयाच्या बायका होत्या. माझ्या घरात लग्न झालेली सून होती. तरीही बोट एका आजारी, अविवाहित मुलीकडे वळले, कारण माझ्या सुनेला त्यांनी त्या मोजणीतून केव्हाच वगळले होते. तिला पुन्हा दिवस जातील हे कुणाच्या मनातही आले नाही.

"तुमच्यासाठी नाही," मी म्हणाले.

"मग कोनासाठी?" ती लगेच म्हणाली. "यांना नाव लागेल, बाई. नुसतं न्हाय म्हटलं तर म्हनतील, बाई झाकतात."

ती बरोबर बोलत होती. नाव दिल्याशिवाय तिच्या मुलीची सुटका नव्हती, आणि नाव द्यायचे तर मी दिलेला शब्द मोडत होता. इतकी वर्षे फळ्यापुढे उभी राहिले, पण त्या अंगणात मला एक वाक्य पूर्ण करता येईना.

मागे दार वाजले. सून ऑफिसला निघण्यासाठी तयार होऊन उंबऱ्यात उभी होती. तिने सगळे ऐकले होते.

"काकू, उशी माझी आहे," ती म्हणाली. "आत या, दाखवते."

शेजारणीने तिच्या चेहऱ्याकडे पाहिले, मग पोटाकडे, मग पुन्हा चेहऱ्याकडे. "अगं बया," एवढेच ती पुटपुटली. आत जाऊन तिने उशीवर हात ठेवला, कडेवरच्या मुलावर ठेवावा तसा. मग माझ्याकडे वळली. "मीठ कुठं हाय, बाई? नि मोहऱ्या?" तिने मूठ भरून सुनेवरून उतरवली, ती टाकायला आमच्याकडे चूल नाही म्हणून स्वतःच्याच घराकडे निघाली आणि दारातून ओरडली, "आता मीच सांगतंय नळावर! नि जिची जीभ माझ्या पोरीवर चालली ना, तिला हीच उशी चावायला देतंय!"

"काकू, तिथे नको!" सून म्हणाली. पण ती गेली होती.

मुलीची पुस्तके त्याच दिवशी माळ्यावरून खाली आली. ती बरी होऊन पनवेलला परत गेली. हे चांगलेच झाले, आणि सुनेने ते जाणूनबुजून केले. पण त्या सकाळी तिची अलिबागची एस.टी. चुकली. ती पर्स मांडीवर घेऊन खुर्चीवर बसून राहिली.

"आई," ती म्हणाली, "आता काही झालं, तर पुन्हा सगळ्या विचारतील."

मी मला जे येते तेवढे केले. कारण शोधले.

खरेदीचे ॲप सुरू करताना त्याने मला नवे खाते उघडण्याऐवजी एक सोपा मार्ग सुचवला होता. ज्या समाजमाध्यमावर माझे जुने विद्यार्थी आहेत, त्याच खात्याने आत या. वेगळा पासवर्ड लक्षात ठेवायला नको, म्हणून मी तो स्वीकारला. त्याच पानावर खाली बारीक अक्षरांत एक ओळ होती, माझी खरेदी माझ्या ओळखीच्यांना दिसू द्यावी. तिच्यापुढे बरोबरची खूण होती. मी आयुष्यभर मुलांच्या उत्तरांपुढे अशा खुणा केल्या आहेत. ही मात्र मी केलेली नव्हती. ती आधीच करून ठेवली होती.

पडताळा घ्यायचा म्हणून मी खूण तशीच ठेवून एक पिठाची चाळण मागवली आणि म्हसळ्याच्या त्या मुलीला फोन करून तिच्या फोनवर काय दिसते ते पाहायला सांगितले. ती खजील झालेली होती, म्हणून काटेकोरपणे पाहत होती. "आली, बाई. तुमचा फोटो नि चाळण." मग मी खूण काढली आणि नारळाची खवणी मागवली. तिने तो दिवस आणि पुढचाही दिवस लक्ष ठेवले. "खवणी न्हाय आली, बाई." मला क्षणभर हायसे वाटले.

मग मी समाजमाध्यम उघडले. खवणीच्या जाहिराती होत्या. खाली, त्यांच्याहून अधिक, पाळणे.

खूण काढल्याने माझी खरेदी माणसांना दिसायची थांबली. त्या माध्यमाला ती दिसत राहिली. आणि ते महिने मोजते आहे. आधी उशी, मग पोटाचा पट्टा, आता सातवा सरला तशी दुपटी, लंगोट, दूध पाजण्याच्या बाटल्या. वस्तू बदलत जातात त्या क्रमाने बदलतात, चुकत नाहीत. मी प्रत्येक जाहिरात बंद करते, 'पुन्हा दाखवू नका' असे दाबते, आणि ती दुसऱ्या रंगात येते. आमच्या घरात आजही एक टोपडे नाही. फोनमध्ये मात्र पाळणा बांधून तयार आहे.

आठवा महिना चालू आहे. डॉक्टर म्हणतात, सगळे ठीक आहे. सून रात्री डाव्या कुशीवर झोपते. मला तरी एकाच गोष्टीची भीती सतत वाटते. शेजारणींना, देव न करो, वाईट बातमी कळली, तर त्या चार दिवस विचारतील, रडतील आणि एक दिवस गप्प होतील. या फोनला ते कुणी सांगायचे? तो पहिला वाढदिवसही साजरा करायला लावील.

मी शोधले ते माझ्या एका फोनवर, एका चाळणीने आणि एका खवणीने. इतक्या थोड्या पुराव्यावर शास्त्र उभे राहत नाही, हे मी वर्गात नेहमी सांगत असे. तेव्हा माझ्यावर विश्वास ठेवू नका. आपल्या खरेदीच्या ॲपची सेटिंग्ज उघडा, तुम्ही कोणत्या खात्याने आत गेला आहात आणि कोणती खूण आधीच केलेली आहे ते पाहा. मग एखादी साधी वस्तू मागवा, दूरच्या एका ओळखीच्या माणसाला फोन करा आणि त्याला काय दिसते ते विचारा. कृपया, स्वतः तपासून पाहा.