बुटांचे नवे सोल

मुलाला हॉस्पिटलात दाखवायच्या आदल्या दिवशी मी त्याच्या बुटांना नवे सोल मारून आणले, आणि त्याच्या सहा महिन्यांच्या मेहनतीचा पुरावा बाजारात टाकून आलो.

माझी बाजूही ऐका. त्या काळी आमच्या निर्मळ गावाहून मुंबईच्या डॉक्टरकडे जायचं म्हणजे रविवारी चर्चमध्ये मिस्साला निघाल्यासारखंच. इस्त्रीचे कपडे, केसांना तेल, खिशात घडीचा रुमाल. अशा थाटात पोराच्या पायात ते फाटके बूट? पोलिओनंतर त्याच्या डाव्या पायाला कॅलिपर लागला होता, दोन्ही बाजूंना लोखंडी पट्ट्या आणि खाली बूट. तो बूट पुढून इतका घासलेला की आतला मोजा डोकावायचा. दुपारी पोरगा झोपला होता, बायको वाडीत फुलं खुडत होती. मी बूट पिशवीत घातले, सायकल काढली, मोच्याकडून सोल बदलून घेतले आणि वर पॉलिशही मारायला लावलं.

"जुने काय करू?" त्याने विचारलं.

"फेक," मी साहेबासारखा म्हणालो.

संध्याकाळी बूट ओट्यावर मांडले आणि कौतुकाची वाट बघत उभा राहिलो. बायकोने एक बूट उलटा करून पाहिला. मग दुसरा.

"अहो, हे काय केलंत? डॉक्टर म्हणाले होते ना, हेच बूट आहेत तसे घेऊन या?"

मला आठवेना. आठवणार कसं? मागच्या खेपेला डॉक्टर सरळ मराठीत बोलत होते आणि मी त्यांना इंग्रजीत उत्तरं देत होतो. ऑफिसच्या पत्रांतली सगळी वाक्यं मी त्या टेबलावर ओतली. ऐकायचं काम बायकोने केलं. डॉक्टर म्हणाले होते, "तुम्ही याला उचलून फिरवता. असंच चाललं तर पाय आखडेल. मग घरी ठेवण्यात अर्थ नाही, इथे अपंग मुलांच्या संस्थेत ठेवावं लागेल. सहा महिने चालवा. चालला की नाही ते मला सोल सांगतील."

आणि पोरगा चालला होता. घरापासून शाळेपर्यंत, केळीच्या वाड्यांमधल्या वाटेने, चिखलातसुद्धा. आई पाठीमागे, पण चार हात लांब. तो पडला की ती थांबायची, उचलायची नाही. शेजारच्या मावशी एकदा तिला तोंडावर म्हणाल्या, "देवाने दिलंय तसं राहू दे की गो. कशाला पोराचे हाल करतेस?"

"देवाने पाय दिलेत, मावशी. शोभेला नाही दिले," ही म्हणाली आणि चालायला लागली.

मी पुन्हा सायकल हाणत बाजारात गेलो. मोची घरी गेला होता. दुकानाबाहेर कातड्याच्या तुकड्यांचा ढीग धुमसत होता.

परत येताना डोकं तापलं. कोण हा डॉक्टर? माझा पोरगा संस्थेत जाणार नाही म्हणजे नाही! मागच्या दारी कोयत्याला धार लावायचा दगड होता. त्याच्यापुढे बसलो आणि डाव्या बुटाचा नवा कोरा सोल घासायला सुरुवात केली. टाच घासली, कड घासली, इस्त्रीचा सदरा घामाने भिजवला. जोश एवढा की कुठली बाजू घासतोय याचं भान राहिलं नाही.

"काय चाललंय?" बायको दारात.

"पुरावा तयार करतोय."

"पोरगा खरा चालला आणि तुम्ही खोटा पुरावा करताय? उद्या मीच सांगते डॉक्टरला, याच्या बापाने शहाणपणा केला. चालणं बघायचंय ना? मग पोराकडे बघा म्हणावं. आणि संस्थेचं नाव काढलं तर याला घेऊन सरळ घरी येईन, कोण अडवतो बघू."

एवढ्यात भिंत धरत धरत पोरगा आला. आमचं सगळं बोलणं त्याने ऐकलं होतं.

"बूट द्या."

त्याने स्वतः पट्टे आवळले. मी हात पुढे केला, तो त्याने झटकला. "उद्या तिथे पण माझा हात धरायचा नाही. मी चालून दाखवतो."

अंगण ओलांडून तो फाटकाबाहेर गेला. खट्, फरर. खट्, फरर. मावशी ओट्यावरून ओरडल्या, "अरे, पडशील!"

"पडलो तर उठेन!" तो मागे न बघता म्हणाला.

आणि पडलाच. रोजच्या वाटेवर, धड सुक्या जमिनीवर. मी धावलो, बायकोने माझा सदरा धरून मला मागे ओढलं. तो कोपरावर उठला, गुडघा झटकला, वाटेच्या वळणापर्यंत जाऊन परत आला. पायरीवर बसला, डावा बूट काढला, उलटा करून माझ्या नाकासमोर धरला.

"बाबा," तो म्हणाला, "एवढा वाकडा मी पण नाय चालत."