खाडी, चंद्र आणि माझा पेपर

"म्हणजे चंद्र हवा साफ करतो, असं म्हणायचंय तुला?" आमच्या बॉसमॅडमनी चष्मा कपाळावर चढवला.

"चंद्र नाही मॅडम, भरती! चंद्रामुळे भरती, भरतीमुळे खाडीवरचा वारा, वाऱ्यानं हवा साफ." हात पसरून मी अख्खी खाडी त्यांच्या टेबलावर आणली. पेपर शुक्रवारी जर्नलला पाठवायचा होता. वीस वर्षांच्या नोकरीत पहिल्यांदाच माझं नाव लेखकांच्या यादीत पहिलं होतं.

हवेत धूळ, धूर, मीठ यांचे बारीक कण तरंगतात. ते एरोसोल. ते मोजायला सन फोटोमीटर असतो. तो सूर्याकडे बघतो आणि वाटेत किती ऊन अडलं ते नोंदवतो. आमचा एक मीरा रोडला, ऑफिसवर, दुसरा खाडीकाठच्या जेसल पार्कला, एका सोसायटीच्या गच्चीवर. दोघांच्या दोन वर्षांच्या नोंदी मी जोडल्या. आलेखात जेसल पार्कची कणांची रेषा महिनाभर हळूहळू चढायची आणि पौर्णिमेनंतर चार-पाच दिवसांनी धाडकन खाली! मीरा रोडला असलं काही नाही. का? खाडीपासून लांब! मी खूश.

"काच कोण पुसतं?" मॅडमनी विचारलं.

"इथली शिपाई, रोज. जेसल पार्कची सर्व्हिसिंगवाला. सहा महिन्यांनी."

"जाऊन बघून ये."

गच्चीवर सातव्या मजल्यावरच्या काकू कुरडया वाळत घालत होत्या.

"काकू, या मशीनला कोणी हात लावतं का हो?"

"मी लावते की! दर संकष्टीला. चंद्र बघितल्याशिवाय उपास सुटत नाही, आणि मेला या बिल्डिंगांमागून वेळेवर दिसतोय कुठे! नुसतं उभं राहून काय करू? तुमची काच इतकी कळकट, बघवत नाही. पदरानं पुसते. का, बिघडलं का काही?"

"मशीन नाही बिघडलं," मी म्हणालो.

काच मळली की ऊन कमी पोचतं. मशीनला वाटतं, हवाच मळली.

तरी मी शेवटचे हातपाय मारले. एका महिन्यात रेषा पडलीच नव्हती. पेपरात मी त्याला 'असामान्य वारे' म्हटलं होतं. "काकू, गेल्या वर्षी होळीनंतरच्या संकष्टीला..."

"तेव्हा मी लेकीकडे होते, नाशिकला."

शुक्रवार हुकला. मी संकष्टीच्या तारखा काढल्या आणि दर महिन्याचा मळ नोंदीतून वजा केला. दोन्ही रेषा शहाण्यासारख्या एकमेकींना धरून चालू लागल्या. पेपर गेला, मळक्या काचेमुळे नोंदीत कराव्या लागणाऱ्या दुरुस्तीवर. त्यात चंद्र नव्हता. आभारात काकू होत्या.

"नाव घातलंत ते ठीक," काकू म्हणाल्या, "पण आता पुसू की नको?"

"पुसा. फक्त पुसलीत की मला फोन करा."

गच्चीवर यंत्र ठेवताना जागा, वीज, सावली सगळं बघतात. तिथे कोण, कधी आणि कशाला येतं, तेही विचारून घ्यावं.