फक्त निळा ठेवला

आमच्या घरात पदवीपर्यंत पोहोचलेला मी पहिलाच. त्यामुळे वाढीव वीजबिल, काकांचा बिघडलेला मोबाइल, शेजारच्या आजींच्या गुडघ्याचा एक्स-रे, सगळं माझ्यापुढे येतं. बी.कॉम.ला यातलं काहीच शिकवत नाहीत, पण हे सांगायचा धीर मला अजून झालेला नाही. बहिणीचं लग्न ठरलं तेव्हा तर अल्बमचं काम मी स्वतःच मागून घेतलं. फोटो काढायला कॉलेजातला एक मित्र होता. ते सजवणार मी.

त्या दिवसांत मला एक कला नुकतीच सापडली होती. सगळा फोटो काळापांढरा करायचा आणि त्यातली एकच गोष्ट रंगीत ठेवायची. कुंभिवलीजवळच्या एका कंपनीत मी हिशेबाला आहे. जेवणाच्या सुट्टीत मोबाइलवर व्हिडिओ बघून शिकलो. सरावासाठी हायवेवरचा लाल ट्रक, टपरीवरची हिरवी बरणी, साहेबांचा पिवळा टाय, जे दिसेल ते रंगीत ठेवून पाहिलं. साहेबांनी तो टाय पुन्हा घातला नाही.

आमच्यात लग्नात नवरी पांढरी साडी नेसते. बहिणीच्या साडीला निळा काठ होता. विहारापुढच्या मांडवात तिला बघितलं आणि माझं ठरलं. अख्खा अल्बम काळापांढरा, रंग फक्त त्या निळ्याला. कुणी शाबासकी द्यायच्या आत मीच स्वतःला देऊन टाकली.

संगणकाला फक्त निळा ठेवायला सांगितलं की तो माणसं ओळखत बसत नाही. त्याने साडीचा काठ ठेवला, तसाच मांडवामागचा पाण्याचा ड्रम ठेवला आणि मामाच्या रबरी चपलाही ठेवल्या. काही मी पुसलं, काही कंटाळून राहू दिलं. दोन-चार फोटोंत ड्रमला नवरीइतकाच मान मिळाला. प्रत्येक फोटो झाला की संगणक विचारायचा, जुन्या फोटोच्या जागी हा ठेवू का? मी दर वेळी हो म्हणत गेलो. तिकडे मित्राने कॅमेऱ्याचं कार्ड पुसून त्यावर दुसऱ्या कुणाच्या लग्नाचे फोटोही काढले होते.

अल्बम छापून आला तेव्हा बहीण माहेरी आलेली होती. सगळे गोळा झाले. मी एकेक पान उलटत माझी कला समजावून सांगू लागलो. काकांनी एक फोटो उजेडात धरून बघितला.

"शाई संपली काय रं त्यांची?"

यात अर्थ असतो, असं मी म्हणालो. काकांनी मान डोलावली, बहुतेक माझ्या शिक्षणाकडे बघून.

आई मात्र नवरीच्या डोक्यावर तिने हात ठेवलाय त्या फोटोशी थांबली होती.

"माझी साडी कुठं हाय रं?"

"हीच की."

"ही तर राखाडी हाय."

वडील गेल्यापासून आई मातकट, करड्या साड्याच घ्यायची. तशी कुणाची सक्ती नव्हती, आमच्यात तसं मानतही नाहीत. पण कर्जतच्या फार्महाऊसवर भांडी घासायला कशाला हवा चांगला रंग, म्हणून ती सवय. त्या भांड्यांवरच माझं कॉलेज झालं. लग्नासाठी बहीण तिला खोपोलीला घेऊन गेली आणि आईने स्वतः बोट दाखवून गुलबक्षी साडी काढायला लावली. जरा जास्तच गुलबक्षी. तेव्हा काकी म्हणाली होती, या वयात हा रंग, म्हणजे मांडवात लायटिंग नको. आई तरीही ती नेसली आणि दिवसभर मिरवली. आता तिच्या शिकलेल्या मुलाने ती परत राखाडी करून दिली होती.

मूळ फोटो उरलेले नाहीत, हे मी तिला सांगितलं. ती रागावली नाही. असू दे, म्हणाली, पोरीचा काठ चांगला दिसतो. रागावली असती तर बरं झालं असतं.

मग मी साडीत संगणकावरच गुलाबी रंग भरून पाहिला. आई बर्फाच्या गोळ्यासारखी दिसायला लागली. नातेवाइकांकडे फोटो मागितले. प्रत्येकाच्या मोबाइलमध्ये तो स्वतःच होता. मागे कुठेतरी आईचं कोपर नाहीतर पदराचं टोक. शेवटी काकीकडे गेलो. तिच्याकडून आशा नव्हती, आणि ती मोबाइल द्यायलाही तयार नव्हती. काही नाय त्यात, म्हणत राहिली. मी उठायला लागलो तेव्हा तिने तो माझ्या हातात दिला.

आई होती. डोक्यापासून पायापर्यंत, कुणाकडे तरी बघून हसताना, आणि गुलबक्षी असा की बघताना डोळे बारीक व्हावेत. एका कोपऱ्यात काकीचा अंगठा आला होता.

हा कशाला काढला होतास, असं मी विचारलं. काकीने दाराकडे बघून आवाज खाली केला.

"दुकानदाराला दाखवायला. असलीच पायजे म्हनून. तुझ्या आईला नको सांगू."

फोटो माझ्या मोबाइलवर घेतला आणि घरी जाऊन मी आधी तेच सांगितलं. आई पदर तोंडाला लावून हसत राहिली, मग मोबाइल घेऊन फोटो बोटांनी मोठा केला आणि साडीचा काठ न् काठ बघितला. मी विचारलं, कोपऱ्यातला अंगठा तेवढा काढून टाकू का?

"तू हात लावू नको," ती म्हणाली.

मी तो तसाच छापून आणला.