यमूकाकूंची हाक

कडुनिंबाचा पाला जळाला की त्या धुराच्या वासाने मला अजून मुन्शी घाटामागचा आमचा मोहल्ला आठवतो. इंग्रजांचा अंमल होता, मी दहा वर्षांची होते. काशीत पटकीची साथ आली होती आणि दारोदारी तो पाला जाळत. मला पटकी झाली तेव्हा शेजारच्या विधवा यमूकाकू तीन दिवस माझ्या उशाशी बसून पळीपळीने पाणी पाजत राहिल्या. मी वाचले.

पुढच्याच आठवड्यात त्यांनाच पटकी झाली. दुपारी भिंतीपलीकडून त्यांची हाक आली, "पोरी, थोडं पाणी दे गं."

मी उठले. आईने दाराला कडी लावली. तान्ह्या भावाला घट्ट धरून म्हणाली, "नको जाऊस. आत्ताच तर वाचलीस."

हाका हळूहळू थांबल्या. संध्याकाळी वडील रामनगरहून आले आणि कळताच पलीकडे धावले, तेव्हा सगळं संपलं होतं.

"काशीत मरण आलं, पुण्याचं फळ मिळालं," आई म्हणाली.

आता मलाही मुलं आहेत आणि आईची भीती मला कळते. पण त्या दुपारी आईचा मध्येच डोळा लागला होता, हाका अजून येत होत्या, आणि माझा हात कडीला पोचत होता.